काचपात्र-संग्रह

काचपात्र-संग्रह : फुलदाण्या, पेले, सुरया, अत्तरदाण्या, वाडगे इ. काचेच्या पात्रांचा त्यांचे कलामूल्य, घडणीचे तंत्र व ऐतिहासिक महत्त्व लक्षात घेऊन केलेला पद्धतशीर संग्रह. राजेरजवाड्यांनी वैभवाच्या प्रदर्शनार्थ काचसामान जमविण्याची प्रथा जुनी आहे. परंतु कारखान्यात तयार झालेल्या काचपात्राकडे कलाकृती म्हणून पाहून त्याचा कर्ता, काल व तंत्र निश्चित करणारा संग्रह ही मुख्यतः विसाव्या शतकातील प्रवृत्ती होय. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क व नॉर्वे या देशांतील फुलदाण्या हे अशा संग्रहाचे ठळक उदाहरण आहे. त्याच काळात महाराष्ट्रातही काचेचे कारखाने निघाले. तथापि त्यांच्या मालाचा असा संग्रह झाला नाही. या दोन परिस्थितींतील अंतर काचेच्या गुणवत्तेपेक्षा नोंदीच्या परंपरेवर अधिक अवलंबून आहे.

घटक व घडण : सामान्य काच ही वाळू, सोडा व चुना यांच्या मिश्रणातून तयार होते. वाळूतील सिलिका वितळण्यास सु. १,७००° से. तापमान लागते. सोडा मिसळल्याने ते बरेच खाली येते. मात्र केवळ सोड्याने बनलेली काच पाण्यात विरघळते, म्हणून तिला स्थैर्य देण्यासाठी चुना घालावा लागतो. वाळूतील लोहामुळे काचेस हिरवट छटा येते. कोबाल्टच्या संयुगाने निळा व मँगॅनिजच्या संयुगाने जांभळा रंग मिळतो. अल्प प्रमाणात वापरलेले मँगॅनीज लोहाची हिरवट छटा झाकते. कारागीर फुंकनळीच्या टोकावर रसकाचेचा गोळा घेऊन तो हवेने फुगवितो व हत्यारांनी किंवा साच्यात त्यास आकार देतो. तयार पात्र सावकाश थंड न केल्यास अंतर्गत ताणामुळे तडकते. नळीपासून सुटे करताना पात्र बुडाशी सळईवर धरतात. तिचा व्रण पुष्कळदा तळाशी राहतो किंवा घासून काढलेला दिसतो. रंगछटा, बुडबुडे, साच्याची शीव व तळाचा व्रण यांवरून पात्राचा इतिहास वाचता येतो. संग्राहकाचे शास्त्र प्रामुख्याने या खुणांवर आधारलेले आहे.

लोणारचा क्षार : काचेस लागणाऱ्या सोड्याचे एक जुने नैसर्गिक स्थान महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे विवेकानंद आश्रमामुळे परिचित असलेले गाव आहे. याच मेहकर परिसराशी पूर्वापार जोडलेले लोणार येथील सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरात आहे. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून उन्हाळ्यात पाणी हटल्यावर काठाने क्षारांचे थर साचत. त्यांचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की इ. प्रकार स्थानिक लोक ओळखत. अकबराच्या कारकीर्दीत अबुल फज्लने लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात मेहकरच्या प्रदेशातील लोणारचे वर्णन आले आहे. तेथे काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात व त्यांपासून चांगला महसूल येतो, असे त्यात नमूद आहे. वऱ्हाडातील एक गाव सोळाव्या शतकाच्या अखेरीस काचेच्या कच्च्या मालासाठी सरकारदरबारी ठाऊक होते, हे यावरून स्पष्ट होते.

लोणारचा काचेशी आणखीही एक संबंध आहे. उल्काघाताच्या उष्णतेने व दाबाने तेथील खडकातील फेल्स्पार खनिजाचे मास्केलिनाइट नावाच्या काचेत रूपांतर झाले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही काच व वितळलेल्या बेसाल्टाचे काचगोल यांच्या आधारे विवराचे उल्काजन्य स्वरूप सिद्ध करण्यात आले. सरोवराचा परिसर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. त्यामुळे क्षार काढण्याचा जुना व्यवसाय आता केवळ इतिहासाचा विषय आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काच : कौंडिण्यपूर (जि. अमरावती), भोकरदन (जि. जालना), तेर (जि. धाराशिव), नेवासे (जि. अहिल्यानगर) व कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथील उत्खननांत सातवाहनकालीन काचमणी व बांगड्यांचे तुकडे मिळाले आहेत. पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेची गणना केली आहे. पैठण व तेर येथून गाड्यांनी माल भडोचकडे जात असल्याचेही त्यात म्हटले आहे. म्हणजे दख्खनमध्ये काचकाम होत असतानाच बाहेरची काचही पश्चिम किनाऱ्यावर येत होती. पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी कौंडिण्यपूर येथे उत्खनन केले. त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील ग्रंथ १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. उत्खननांत विखुरलेल्या मण्यांना त्यामुळे एका सलग इतिहासात स्थान मिळाले.

या परंपरेत मणी व बांगडी यांना प्राधान्य होते. पात्रे त्या मानाने थोडी. पाणी, तूप, लोणची यांसाठी तांब्या-पितळेची व मातीची भांडी सोयीची असत. शिल्पांत कमळांनी भरलेला पूर्णघट वारंवार आढळत असला, तरी घरात फुले देठांसह पात्रात उभी ठेवण्याचा प्रघात फारसा नव्हता. ती देवास वाहिली जात, वेणीत माळली जात किंवा हारात गुंफली जात. त्यामुळे फुलदाणीपेक्षा अत्तरदाणी, गुलाबदाणी व हुक्क्याचा चंबू यांसारख्या पात्रांनाच मोगल व मराठा काळांतील उच्चभ्रू वर्गात स्थान मिळाले. दिवाणखान्यातील मेजावरची फुलदाणी ही मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात यूरोपीय राहणीबरोबर आली.

संस्थानिकांचे व वस्तुसंग्रहालयांचे संग्रह : एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, बेल्जियम, बोहीमिया व व्हेनिस येथील काचसामान भारतीय संस्थानिकांच्या वाड्यांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. मराठी राजघराणी यात अग्रेसर होती. ग्वाल्हेर येथे जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या जयविलास राजवाड्यातील दोन प्रचंड झुंबरे प्रत्येकी सु. साडेतीन टन वजनाची असल्याचे सांगतात; छताची मजबुती अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. तेथील काचेचे सामानसुमान १९६४ पासून संग्रहालयरूपाने जनतेस पाहावयास मिळू लागले. बडोद्यास सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात बेल्जियमच्या रंगीत काचेच्या खिडक्या बसविल्या आहेत. हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगाने (१८८९–१९४९) जमविलेला यूरोपीय काचपात्रांचा संग्रह १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सालारजंग संग्रहालयात असून भारतातील या प्रकारच्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम) सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या देणगीतून पौर्वात्य व यूरोपीय शोभिवंत वस्तू लाभल्या.

या संग्रहांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांत एक समान दृष्टी दिसते : काच ही दूरदेशाहून आलेली मौल्यवान वस्तू आहे, असे गृहीत धरले गेले. देशी घरातील काचवस्तू या दृष्टीच्या कक्षेबाहेर राहिली. याला अपवाद ठरलेले दोन संग्राहक महाराष्ट्रात झाले. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारात सापडणारे मणी, मृण्मूर्ती व हस्तिदंती वस्तू चिकाटीने जमविल्या. त्यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय आकारास आले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला आणि दिवे, अडकित्ते, दौती, काचचित्रे यांसारख्या दैनंदिन जीवनातील वस्तूंना कलावस्तूंचा मान मिळवून दिला. त्यांनी आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनास अर्पण केला.

स्वदेशी काचकारखाने : बंगालच्या फाळणीनंतर (१९०५) स्वदेशीच्या चळवळीने परदेशी बांगड्या व काचसामान यांवरील बहिष्कारास चालना दिली, पण बहिष्कार टिकण्यासाठी देशी माल आवश्यक होता. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्यातून उद्योग उभारावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड निर्माण झाला. लोकमान्य टिळकांचा या कार्यास पाठिंबा होता. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे (जि. पुणे) येथे काचकारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे आरंभीचे प्रमुख होत. पुढे त्यांनी उत्तर प्रदेशातील बहजोई येथे कारखाना काढला. तळेगावचा कारखाना उत्पादनाइतकाच शिक्षणाचे केंद्र म्हणून महत्त्वाचा ठरला. तेथे तयार झालेले कारागीर देशातील अन्य कारखान्यांत गेले.

पहिल्या महायुद्धात यूरोपातून येणारा माल घटला व देशी कारखान्यांना संधी मिळाली. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या साहाय्याने कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला. त्याभोवतीची वस्ती ओगलेवाडी म्हणून प्रसिद्धीस आली. तेथील ‘प्रभाकर’ कंदील, दिव्यांच्या चिमण्या, बाटल्या व बरण्या महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार व रसिक संग्राहक होते. १९३८ मध्ये त्यांनी औंध येथे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय स्थापन केले. एकाच संस्थानात काचेचा कारखाना व कलासंग्रहालय या दोहोंना आश्रय मिळाला, ही लक्षणीय गोष्ट आहे. परंतु कारखान्यात कलावंतास नेमून कलाकाच घडविण्याचा प्रयोग त्यातून उभा राहिला नाही. कारखान्यासमोरचा प्रश्न प्रकाशाचा होता, शोभेचा नव्हता. विजेचे दिवे आल्यावर कंदिलाची गरज ओसरली व काचेच्या चिमण्याही घरांतून नाहीशा होऊ लागल्या.

युद्धानंतर जपानी व यूरोपीय मालाची स्पर्धा पुन्हा वाढली. जकात मंडळाने १९३२ च्या अहवालात भारतीय काचधंद्यास संरक्षण देण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये सरकारने ती नाकारताना या धंद्यास लागणारा सोडा देशात उपलब्ध नसल्याचे कारण पुढे केले. लोणारचा क्षार हंगामी व मिश्र स्वरूपाचा असल्याने मोठ्या भट्ट्यांची गरज भागविणे त्यास शक्य नव्हते, हे खरे. तरीही ज्या देशात सोळाव्या शतकात काचेच्या क्षारावर महसूल घेतला जात होता, तेथे त्याच्याच अभावाचे कारण सांगितले गेले. १९३९ मध्ये बडोदे संस्थानातील मिठापूर येथे टाटा केमिकल्स ही कंपनी स्थापन झाल्यावर सोड्याच्या देशी उत्पादनास मोठी चालना मिळाली.

स्कँडिनेव्हियन कलाकाच : ओगले बंधूंचा कारखाना ज्या वर्षी निघाला, त्याच वर्षी स्वीडनच्या स्मोलांद प्रांतातील ओरेफोर्स या कारखान्यात सीमोन गाटे (१८८३–१९४५) या चित्रकाराची नेमणूक झाली; पुढील वर्षी एडवर्ड हाल्ड (१८८३–१९८०) हा चित्रकारही तेथे आला. तोपर्यंत ओरेफोर्स येथेही बाटल्या, दौती यांसारखा साधा मालच निघत असे. स्मोलांदमध्ये जंगलांमुळे इंधन विपुल होते आणि कोस्टा हा कारखाना १७४२ पासून चालू असल्याने कारागिरांची परंपरा होती. कमतरता होती ती स्वतंत्र आकृतीची. कलावंत व कारागीर एकाच भट्टीपाशी काम करू लागल्यावर ती दूर झाली. १९१६ मध्ये तेथे क्नुट बर्गक्विस्ट या कारागिराच्या कौशल्यातून ‘ग्राल’ तंत्र विकसित झाले. यात रंगीत थर दिलेल्या लहान गोळ्यावर नक्षी कोरून तो पुन्हा तापवितात, पारदर्शक काचेत बुडवितात व फुगवितात. त्यामुळे नक्षी काचेच्या अंतर्भागात तरंगत असल्याचा भास होतो. १९३७ मध्ये आलेल्या ‘एरिएल’ तंत्रात नक्षीच्या खाचांत हवा कोंडून चित्र साधतात. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात स्वीडिश काचेस मोठी मान्यता मिळाली.

फिनलंडमधील ईत्ताला कारखाना १८८१ चा. वास्तुविशारद आल्व्हार आल्टो (१८९८–१९७६) याने १९३६ च्या एका स्पर्धेसाठी नागमोडी कडांच्या फुलदाणीची आकृती तयार केली. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडण्यात आली. प्रारंभी ती लाकडी साच्यात फुंकली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर टापिओ विरकाला (१९१५–८५) व टिमो सार्पानेव्हा (१९२६–२००६) यांनी अळंबी, बर्फ व ऑर्किड यांवरून सुचलेली पात्रे घडविली. १९५१ व १९५४ च्या मिलान येथील प्रदर्शनांत फिनिश काचेला मानाची पारितोषिके मिळाली. डेन्मार्कमध्ये होल्मेगोर कारखान्यात (स्था. १८२५) याकोब बांग व त्यानंतर १९४२ पासून पेर ल्यूटकेन (१९१६–९८) यांनी मृदू, थेंबासारख्या आकारांची पात्रे घडविली. नॉर्वेतील हाडेलांड कारखाना १७६२ मध्ये स्थापन झाला.

नोंदीचे महत्त्व : या पात्रांचा संग्रह सुलभ झाला, त्याचे कारण केवळ सौंदर्य नव्हे. कारखान्यांनी तळाशी कारखान्याचे व कलावंताचे नाव, आकृतीचा क्रमांक आणि पुष्कळदा वर्षही कोरले, मालसूची छापल्या, नमुने जपले. पुढे त्यांवर संग्रहालये उभी राहिली. रीहिमाकी येथे फिनिश काचसंग्रहालय आहे, तर होल्मेगोरच्या जुन्या कारखान्याच्या जागी २०२० मध्ये संग्रहालय खुले झाले. ओरेफोर्स गावातील भट्टी २०१३ मध्ये बंद पडली; तरी तेथील काचेचा इतिहास हरवला नाही.

महाराष्ट्रातील मालाच्या बाबतीत नेमके उलट घडले. कंदिलावर व्यापारी नाव असे; पण काच फुंकणाऱ्याचे नाव, आकृतीचा क्रमांक व वर्ष यांची नोंद सहसा वस्तूवर नसे. शिवाय काचेचा एक विशेष असा, की फुटकी काच नव्या मिश्रणात मिसळल्यास ते लवकर वितळते. म्हणून प्रत्येक भट्टी फुटकी काच विकत घेते. धातूची मोड जशी मुशीत जाते, तशी जुनी चिमणी भट्टीत जाऊन नवी बाटली होते. उपयुक्ततेच्या दृष्टीने हा गुणच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याने पुरावा नाहीसा होतो. तळेगाव व ओगलेवाडी येथील काच थोडी उरली आहे, यामागे हेही एक कारण असावे.

परीक्षण व जतन : कोरलेली स्वाक्षरी हा अंतिम पुरावा मानला जात नाही, कारण ती मागाहून कोरता येते. आकृती, वजन, रंग, तळाची घासणी व वापराने आलेले बारीक ओरखडे यांच्याशी ती जुळली पाहिजे. खऱ्या वापराचे ओरखडे पात्र टेकते त्या कडेवर निरनिराळ्या दिशांना पसरलेले असतात. कृत्रिम ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात. जंबुपार प्रकाशात युरेनियमयुक्त काच तेजस्वी हिरवी व शिसेयुक्त काच निळसर दिसते; त्यावरून घटकांचा अंदाज येतो, मात्र केवळ त्याच्या आधारे काल ठरविता येत नाही. ज्या काचेत सोडा अधिक व चुना कमी असतो, ती दमट हवेत ‘पाझरते’ : तिच्यावर ओलसर, निसरडा थर येतो व पुढे सूक्ष्म भेगांचे जाळे पडते. कोकणातील पावसाळी हवेत असे पात्र बंद कपाटात दाटीने ठेवणे हानिकारक असते. पात्र कोमट पाण्याने धुवून मऊ कापडाने पूर्ण कोरडे करावे. फुलदाणीत पाणी दीर्घकाळ ठेवल्यास आत पांढरा थर धरतो. प्रत्येक वस्तूचे माप, वजन, प्राप्तिस्थान व मालकीची परंपरा लिहून ठेवणे हे जतनाचेच अंग होय. नोंद नसलेली वस्तू सुस्थितीत असली, तरी तिचे ऐतिहासिक मोल कमी होते.

कायदेशीर स्थिती : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) याखाली किमान शंभर वर्षे जुन्या, ऐतिहासिक वा कलादृष्ट्या महत्त्वाच्या वस्तू पुरावस्तू या व्याख्येत येतात व त्या खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास मनाई आहे. स्वदेशी कारखान्यांच्या पहिल्या दशकातील काचेने ही शंभर वर्षांची मर्यादा ओलांडली आहे. एकेकाळी दुकानात किरकोळ किमतीस मिळणारी चिमणी वा बरणी अशा रीतीने पुरावस्तूच्या पंक्तीस बसण्याइतकी जुनी झाली आहे.

महाराष्ट्रातील काचेच्या इतिहासाचे दुवे त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी शोधावे लागतात : लोणारच्या क्षारात, तेर व भोकरदनच्या मण्यांत, संस्थानी वाड्यांतील परदेशी झुंबरांत आणि जुन्या घरांच्या माळ्यावर राहिलेल्या कंदिलांत. यांपैकी पहिल्या तिहींची नोंद शास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ व संग्रहालये यांनी केली आहे. चौथ्याची नोंद अद्याप पुष्कळ अंशी व्हावयाची आहे. स्कँडिनेव्हियन काचेच्या उदाहरणावरून असे दिसते, की असा संग्रह महागड्या वस्तूंपासून सुरू व्हावा लागत नाही. वस्तू कोणी, कोठे व केव्हा घडविली हे लिहून ठेवण्यापासून तो सुरू होतो.